उताऱ्याखालचे प्रश्न



व्याख्यान ऐकून मनुष्य घरी जातो. घरची मंडळी जेवायची थांबलेली असतात. ती विचारतात, "कसे झाले व्याख्यान?" तो सांगतो, "फार छान झाले." "काय सांगितले?" "पुष्कळ सांगितले. मोठे विद्वान गृहस्थ आहेत." "ते खरे, पण म्हणाले काय?" येथे मनुष्य पाण्याचा तांब्या तोंडाला लावतो. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून हा संवाद महाराष्ट्रातल्या घराघरांतून चालत आला असावा असा माझा अंदाज आहे. हे मी श्रोत्यांना हिणवण्यासाठी म्हणत नाही. कित्येकदा दोष वक्त्याचाच असतो, आणि आज तो माझा असण्याचा पुष्कळ संभव आहे. परंतु "म्हणाले काय?" हा जो घरच्या माणसांचा प्रश्न, तोच माझा आजचा विषय होय. शाळेत त्याला उताऱ्याखालचे प्रश्न म्हणतात. वरती दहा-बारा ओळींचा उतारा छापलेला असतो, खाली पाच प्रश्न असतात, आणि मुलाने उतारा वाचून त्यांची उत्तरे द्यावयाची असतात.

विषय लहान मुलांचा आहे, तो वसंत व्याख्यानमालेत कशाला, असे कोणाला वाटेल. माझी सारी हयात मराठी शिकविण्यात गेली, आणि या पाच प्रश्नांपायी मोठी माणसे कशी अडतात ते मी पाहिले आहे. त्यातील एक हकीकत शेवटी सांगणार आहे. ती सांगताना मला माझ्या शिकविण्याविषयी थोडे लाजेने बोलावे लागेल. पण ती सांगितल्याखेरीज हे व्याख्यान पुरे व्हावयाचे नाही.

प्रथम मुलांचीच गोष्ट घेऊ. आपल्या तालुक्यात श्रावणी येथे जवाहर नवोदय विद्यालय आहे. ही विद्यालये १९८६ सालापासून देशात निघू लागली. खेड्यातल्या हुशार मुलाला राहण्या-जेवण्यासह चांगले शिक्षण मिळावे हा त्यांचा हेतू. सहावीच्या प्रवेशासाठी पाचवीतली मुले परीक्षा देतात. या परीक्षेचा रूढ आराखडा असा की, प्रश्न ८० आणि गुण १००. त्यांपैकी भाषेचे प्रश्न २० व गुण २५. हे २० प्रश्न व्याकरणाचे नसतात, निबंधाचे नसतात. चार उतारे, आणि प्रत्येकाखाली पाच प्रश्न, बस. म्हणजे एका मुलाच्या पुढल्या सात वर्षांच्या शिक्षणाचा चौथा हिस्सा या चार उताऱ्यांवर तोललेला असतो. दहावीच्या कृतिपत्रिकेतही अपठित उतारा असतो, शिष्यवृत्तीच्या परीक्षेत असतो, पुढे तलाठ्याच्या आणि पोलिसाच्या भरतीतही भाषेच्या प्रश्नांत तो भेटतो. तेव्हा पालकांना काळजी वाटते, ती काही उगीच नव्हे.

काळजी असली की उपाय निघतात. उताऱ्यासाठी निघालेला सर्वांत लोकप्रिय उपाय असा: उतारा वाचत बसू नका, त्यात वेळ जातो. आधी प्रश्न वाचा. प्रश्नातला ठळक शब्द पकडा. तो शब्द उताऱ्यात कोठे आहे ते बोटाने शोधा. सापडला की ती ओळ उचला आणि उत्तर म्हणून लिहा. ही युक्ती मीही शिकविली आहे. तिने गुण मिळतात, हेही खरे आहे. पण ते कशाचे मिळतात हे पाहण्यासाठी आपण एक गंमत करू. मी एक वाक्य म्हणतो, ते लक्ष देऊन ऐका.

"झुमट्या गडोराने पहाटे शिळखावर तीन मिचकुली ठेवली."

आता प्रश्न. पहिला: मिचकुली कोणी ठेवली? झुमट्या गडोराने. शाबास. दुसरा: ती कोठे ठेवली? शिळखावर. तिसरा: किती? तीन. चौथा: केव्हा? पहाटे. चारही उत्तरे बरोबर, पूर्ण गुण, आणि पालकांचे अभिनंदन! परंतु मंडळी, गडोर म्हणजे काय? तो माणूस की पक्षी? मिचकुली म्हणजे अंडी की भाकरी? मला ठाऊक नाही, कारण हे सारे शब्द मी काल संध्याकाळी फिरायला गेलो असताना रचले. या वाक्यात कणभरही अर्थ नाही, आणि तरीही आपण सर्वजण उत्तीर्ण झालो. आता मी पाचवा प्रश्न विचारतो: ती मिचकुली संध्याकाळपर्यंत शिळखावर राहतील काय? सभा गप्प! कारण या प्रश्नाचे उत्तर बोटाने सापडत नाही. ते उताऱ्यात काय चालले आहे हे डोळ्यांपुढे उभे राहिले तरच सापडते.

आपल्याकडील पुष्कळ मुले मराठीचा उतारा नेमका असाच वाचतात. त्यांच्या दृष्टीने त्यातले निम्मे शब्द गडोर आणि मिचकुलीच असतात. ती विभक्तीच्या प्रत्ययाला धरून चालतात, "ने" दिसला की कर्ता आणि "वर" दिसला की जागा, आणि चार प्रश्न सोडवून मोकळी होतात. शिक्षकाला वाटते, मुलाला समजले. मुलालाही वाटते, आपल्याला समजले. फसवणूक कोणीच करीत नाही, आणि तरी दोघेही फसतात.

आता खरा उतारा घेऊ. तोही मीच लिहिला आहे, पण त्यातले शब्द खरे आहेत आणि माणूस आपल्या ओळखीचे आहे.

"फाल्गुन सरत आला की मोहाची फुले गळू लागतात. रात्री उशिरा सुरू झालेली ही गळ सकाळपर्यंत चालते. आजी उजाडण्यापूर्वीच टोपली घेऊन झाडाखाली जाते. तेथला पालापाचोळा तिने आदल्या दिवशीच झाडून काढलेला असतो. उन्हे वर आली की आजी भरली टोपली घेऊन परतते आणि फुले अंगणात वाळत घालते. मग दिवसभर ती ओट्यावर बसून राहते. मधून मधून आभाळाकडे पाहते."

प्रश्न पहिला: आजी झाडाखाली केव्हा जाते? उजाडण्यापूर्वी. हे उताऱ्यात शब्दाशब्दाने आहे. येथे बोट चालते.

प्रश्न दुसरा: आजीने पालापाचोळा आदल्या दिवशीच का झाडला? उताऱ्यात कारण दिलेले नाही. परंतु फुले अंधारात पडणार, आजी अंधारातच जाणार, खाली पाचोळा असला तर फुले त्यात हरवणार आणि वेचताना कचरा टोपलीत येणार, हे चित्र ज्याच्या मनात उभे राहिले त्याला उत्तर लगेच मिळते. दोन वाक्ये एकमेकांजवळ आणून ठेवली की त्यांच्यामधून तिसरे, न लिहिलेले वाक्य निघते. आकलन म्हणजे मुख्यत्वे हे तिसरे वाक्य.

प्रश्न तिसरा: आजी आभाळाकडे का पाहते? हा प्रश्न मी निरनिराळ्या मुलांना विचारला आहे. शहरातल्या एका हुशार मुलाने सांगितले, "आजी म्हातारी झाली म्हणून ती देवाची आठवण काढते." उत्तर गोड आहे, पण चूक आहे. पाड्यावरून येणाऱ्या एका मुलीने, जिला मराठी वाचताना दर ओळीला दोनदा अडखळायला होत असे, मान वर न करताच सांगितले, "पाऊस आला तर फुलं सडतील ना, गुरुजी." अवकाळी पावसाचे भय तिच्या घरातच होते. ते तिला कोणी शिकविले नव्हते.

अमेरिकेत १९८८ साली रेक्ट आणि लेस्ली या दोन अभ्यासक स्त्रियांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचावयास दिले. काही मुले वाचनात तरबेज होती, काही कच्ची. काहींना बेसबॉल ठाऊक होता, काहींना नव्हता. निष्कर्ष असा निघाला की, वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुले, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा तो मजकूर अधिक चांगला समजली. आपल्याकडे क्रिकेटचे वर्णन घेऊन कोणीही हे पडताळून पाहावे. तात्पर्य काय? वाचणे ही डोळ्यांची नुसती कसरत नव्हे. जे आधी ठाऊक आहे त्याच्या उजेडात नवे दिसते. ज्या मुलीला मोह, नागली, तूर, ओढ्याचा पूर आणि बाजाराचा हिशेब ठाऊक आहे, ती रिकाम्या हाताने शाळेत आलेली नाही. आपण मात्र तिचे मराठी अडखळते म्हणून तिला रिकामी समजतो. हा आपल्या आकलनाचा दोष आहे, तिच्या नव्हे.

प्रश्न चौथा: उताऱ्यास शीर्षक द्या. पर्याय दोन समजा. एक, "मोहाचे झाड". दुसरा, "आजीचे मोहाचे दिवस". पुष्कळ मुले पहिला निवडतात, कारण "मोह" हा शब्द पहिल्याच ओळीत आहे. येथे मला आपल्या जुन्या शास्त्रकारांची आठवण होते. एखाद्या ग्रंथाचे तात्पर्य कसे ठरवावे याची कसोटी मीमांसकांनी घालून दिली आहे. उपक्रम आणि उपसंहार पाहावा, म्हणजे आरंभ कशाने केला आणि शेवट कोठे नेला. अभ्यास पाहावा, म्हणजे पुन्हा पुन्हा काय सांगितले. अपूर्वता, म्हणजे नवे काय सांगितले. फल, म्हणजे त्यातून काय निष्पन्न झाले. अर्थवाद, म्हणजे नुसती सजावट वा स्तुती कोणती. आणि उपपत्ती, म्हणजे युक्तिवाद कोणता. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'च्या आरंभी लोकमान्यांनी गीतेचे तात्पर्य शोधताना हीच कसोटी हाती घेतली आहे. गीतेला जे लागू पडते ते पाचवीच्या उताऱ्याला लागू पडू नये असे थोडेच आहे! आपल्या उताऱ्याचा आरंभ मोहाने आहे, पण शेवट आजीच्या नजरेत आहे. आणि वारंवार येते ती आजी. झाडाची उंची, पाने, फळे यांविषयी एक शब्द नाही. तेव्हा शीर्षक आजीचे.

प्रश्न पाचवा: मोहाच्या फुलांपासून काय तयार करतात असे उताऱ्यात सांगितले आहे? (हशा) आपण हसलात, कारण उत्तर आपणा सर्वांस ठाऊक आहे. वर्गातही मुले हसतात आणि मोठ्याने उत्तर देतात. पण मंडळी, पुन्हा एकदा उतारा आठवा. त्यात तसे काहीही सांगितलेले नाही. या प्रश्नाचे बरोबर उत्तर "काहीही सांगितलेले नाही" एवढेच आहे. आणि पाचही प्रश्नांत हा सर्वांत कठीण, कारण येथे मुलाला अज्ञान आड येत नाही, ज्ञान आड येते.

येथे विरोध दिसतो. तिसऱ्या प्रश्नासाठी मी म्हणालो, पदरचे ज्ञान आणा. पाचव्यासाठी म्हणतो, ते बाजूला ठेवा. दोन्ही खरे आहे. अंधाऱ्या खोलीत कोणत्या वस्तू आहेत हे पाहावयाचे असेल तर दिवा घेऊनच आत जावे लागते. परंतु बाहेर येऊन वस्तूंची यादी करताना आपण हातातला दिवा त्या यादीत धरीत नाही. आपले ज्ञान हा दिवा आहे. त्याच्या उजेडात उतारा पाहावा, पण उताऱ्याच्या मालात त्याची मोजदाद करू नये. उताऱ्यात काय म्हटले आहे, उताऱ्यातून काय निघते, आणि माझे स्वतःचे काय, या तीन गोष्टी वेगळ्या ठेवता येणे म्हणजे वाचता येणे. मला आज सांगावयाची गोष्ट खरोखर एवढीच आहे.

ती सोपी वाटते, पण सोपी नाही. थॉर्नडाइक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९१७ साली शाळेतल्या मुलांनी उताऱ्यांच्या प्रश्नांना दिलेली चुकीची उत्तरे जमवून त्यांचा अभ्यास केला. त्याचा एक उतारा शाळेतील हजेरीच्या नियमाचा होता. सात ते चौदा वर्षांच्या मुलाने रोज शाळेत आलेच पाहिजे; मात्र मूल फार आजारी असेल, घरात सांसर्गिक रोग असेल किंवा रस्ते बंद पडले असतील तर सूट, असा त्याचा आशय. नियम आपल्या पावसाळ्यासाठीच केल्यासारखा वाटतो! त्याखालच्या साध्या प्रश्नांवर अनेक मुले घसरली. का घसरली? उताऱ्यातला एखादाच शब्द त्यांच्या मनात नको तेवढा मोठा झाला आणि बाकीचे शब्द पुसले गेले. "आजारी" हा शब्द धरला, पण "फार" सोडला. "शाळा" धरला, पण "मात्र" सोडला. थॉर्नडाइकने म्हटले की, उतारा समजणे हे गणित सोडविण्यासारखे आहे. प्रत्येक शब्दाला त्याचे योग्य तेवढे वजन द्यावे लागते, आणि सर्वांना एकत्र तोलावे लागते.

हे वजन देणे परक्या भाषेत दुप्पट कठीण होते, आणि येथे आपल्या नवापुराचा प्रश्न येतो. १ मे १९६० रोजी दोन राज्ये झाली आणि आपल्या स्टेशनाचा एक भाग महाराष्ट्रात व दुसरा गुजरातेत राहिला. एका बाकावर बसलेल्या दोघांची राज्ये वेगळी, याचे प्रवाशांना कौतुक वाटते. स्टेशनावर चार भाषांतून घोषणा होतात. पण मुलाच्या कानावर याहून अधिक भाषा पडतात. घरी मावची किंवा कोकणी, कोठे भिली. बाजारात गुजराती आणि अहिराणी. दूरदर्शन संचावर आणि मोबाइलवर हिंदी. आणि शाळेच्या पुस्तकात पुस्तकी मराठी. इतक्या भाषा कानावर असणे हे वैभव आहे. पण त्यात खाचखळगेही आहेत. हिंदीत "शिक्षा" म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. हिंदीत "चेष्टा" म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. हिंदीत "संसार" म्हणजे सारे जग, मराठीत घरप्रपंच. "त्याने मुलाला शिक्षा दिली" हे वाक्य वाचून एखादे मूल "किती चांगले गुरुजी!" असे म्हणाले, तर त्याला मठ्ठ म्हणण्यापूर्वी आपण थांबले पाहिजे.

त्याहून मोठी खाच प्रश्नांच्या भाषेची. "खालीलपैकी", "उताऱ्यानुसार", "अयोग्य विधान ओळखा", "यांव्यतिरिक्त" हे शब्द घरात कोणीही बोलत नाही. आई मुलाला "खालीलपैकी कोणती भाजी करू?" असे विचारीत नाही. "अयोग्य विधान ओळखा" या प्रश्नात "अ" हे एकच अक्षर अयोग्य आणि योग्य यांमध्ये उभे असते. मुलाने ते ओलांडले की तो पहिले खरे विधान पाहून आनंदाने खूण करतो. उतारा समजला, प्रश्न समजला नाही, आणि गुण गेला.

'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने २००५ सालापासून देशातल्या ग्रामीण मुलांच्या वाचनाची 'असर' नावाची पाहणी होत आली आहे. २०१८ च्या पाहणीत पाचवीतल्या सुमारे निम्म्याच मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. हे झाले मोठ्याने वाचून दाखविण्याचे. वाचून समजणे ही त्यापुढची पायरी. ज्यांना पहिली चढता येत नाही त्यांची तळमळ आपल्याला वाटते, आणि ती वाटलीच पाहिजे. पण जे पहिली चढून दुसऱ्यांदा अडखळतात ते दिसतच नाहीत, कारण त्यांचे वाचन खडखडीत असते.

असाच एक खडखडीत वाचणारा मुलगा माझ्या वर्गात होता. कबूल केलेली हकीकत ती हीच.

त्याच्या वडिलांनी २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावा केला होता. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवरचा हक्क मिळावा, असा तो दावा. काही वर्षांनी एका कचेरीतून पत्र आले. मुलगा तोवर दहावी झालेला. मराठीत चांगले गुण, उताऱ्याच्या प्रश्नांत तर एकही गुण गेलेला नाही. त्याने घरातल्या सर्वांना पत्र मोठ्याने वाचून दाखविले. एकही शब्द चुकला नाही. वाचून झाल्यावर त्याने सांगितले, "दावा नामंजूर झाला." घर सुन्न झाले. पत्र घडी करून पत्र्याच्या पेटीत ठेवले गेले.

पुढे एकदा ते गृहस्थ काही निमित्ताने माझ्याकडे आले आणि सहज म्हणून त्यांनी ते पत्र मला दाखविले. शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य होते. या निर्णयाने व्यथित झालेल्या व्यक्तीस साठ दिवसांच्या आत वरच्या समितीकडे दाद मागता येईल, अशा अर्थाचे. मी तारीख पाहिली. साठ दिवस उलटून गेले होते.

मी त्या मुलाला बोलावले आणि ते वाक्य पुन्हा वाचावयास सांगितले. त्याने ते अस्खलित वाचले. मी विचारले, "व्यथित व्यक्ती म्हणजे कोण?" तो म्हणाला, "ज्याला दुःख झाले तो." मी म्हणालो, "मग येथे तो कोण?" तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "बाबांना दुःख झालं, गुरुजी. पण त्याचं सरकारला काय?" आणि मग एकाएकी त्याचा चेहरा उतरला. त्याला समजले. साठ दिवसांनंतर समजले.

त्या रात्री मला झोप आली नाही. पत्राची भाषा अवघड होती, हे खरे. ज्यांना पत्र लिहावयाचे त्यांच्या भाषेत ते लिहिले पाहिजे, आणि लिहिणाऱ्यानेही वाचणाऱ्याचा विचार केला पाहिजे, हेही खरे. पण त्या मुलाला बोटाने ओळ शोधावयास मी शिकविले होते. "निर्णय काय झाला?" या प्रश्नाचे उत्तर त्याने बिनचूक शोधले, आणि उत्तर सापडले की पुढे वाचावयाचे नाही, हेही तो माझ्याकडूनच शिकला होता. त्याला गुण मिळाले आणि मला शाबासकी मिळाली. किंमत त्याच्या बापाने मोजली.

म्हणून मी आता वेगळे शिकवितो, आणि जे शिकवितो ते थोडक्यात सांगून बसतो.

परीक्षेच्या मुलांसाठी प्रथम. प्रश्नांवर आधी नजर टाकावयास हरकत नाही; पण नंतर उतारा पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचावा, आणि उत्तर सापडले तरी थांबू नये. वाचून झाल्यावर डोळे वर करून स्वतःला एका वाक्यात सांगावे, "हा उतारा अमक्याविषयी आहे." तसे सांगता आले नाही तर पुन्हा वाचावा, यात गेलेली दोन मिनिटे पुढे परत मिळतात. प्रश्न दोनदा वाचावा आणि "नाही", "अयोग्य", "फक्त", "सर्व", "मात्र" या शब्दांखाली रेघ ओढावी. चार पर्यायांपैकी प्रत्येकाला साक्षीदार मागावा: तुझी साक्ष कोणत्या ओळीत आहे? जो पर्याय जगात खरा आहे पण ज्याची साक्ष उताऱ्यात नाही, तो सोडून द्यावा. अनोळखी शब्द आला तर घाबरू नये. त्याच्या मागचे आणि पुढचे वाक्य त्याचे शेजारी असतात. माणसाची ओळख जशी शेजाऱ्यांकडून पटते तशी शब्दाचीही पटते.

शिक्षक बंधुभगिनींना विनंती अशी की, प्रश्न नेहमी आपणच काढू नयेत. उतारा द्यावा आणि मुलांनाच म्हणावे, तुम्ही पाच प्रश्न काढा. त्यांतला एक असा काढा की ज्याचे उत्तर उताऱ्यात लिहिलेले नाही पण त्यातून निघते. प्रश्न काढणाऱ्याला लपून बसता येत नाही. ज्याला उतारा समजलेला नाही त्याला असा प्रश्न काढताच येत नाही. आणि मुलाने उत्तर घरच्या भाषेत दिले तर ते आधी ऐकून घ्यावे. मावचीत बरोबर असलेले उत्तर मराठीत आणणे हे पुढचे काम आहे, आणि ते सोपे आहे. जे समजलेलेच नाही ते कोणत्याही भाषेत आणता येत नाही.

आणि आई-वडिलांसाठी, मग त्यांना स्वतःला वाचता येवो वा न येवो. मूल शाळेतून आले की "किती गुण पडले?" हे अवश्य विचारा, पण त्यानंतर "आज धड्यात काय होते ते मला सांग" असेही म्हणा. ते आपल्या भाषेत सांगू द्या. मध्ये "असे का झाले?" म्हणून अडवा. पंचायतीची नोटीस, बँकेचा कागद, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी मुलाकडून वाचून घ्या, आणि ती पूर्ण झाल्यावर तीनच प्रश्न विचारा: हे कोणाला उद्देशून लिहिले आहे? आपण काय करावयाचे आहे? केव्हापर्यंत? या तीन प्रश्नांना शिकवणीवर्ग लागत नाही, फी लागत नाही. त्या घरात कोणी हे तीन प्रश्न विचारले असते, तर ते पत्र पेटीत गेले नसते.

मंडळी, आता आपण घरी जाल. घरची माणसे विचारतील, "म्हणाले काय?" तेव्हा पाण्याचा तांब्या शोधू नका. सांगा, की मास्तरांनी एका आजीची गोष्ट सांगितली, आणि घरातल्या मुलाला विचारा, की ती आजी आभाळाकडे का पाहत होती. त्याने काय उत्तर दिले, ते मला उद्या सकाळी बाजारात भेटाल तेव्हा सांगा. मी वाट पाहीन.